रेशमच्या गालावरची तीट

मंठ्यात बाजाराकडं जायच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीला चिकटून पुंजारामाचं फोटोचं दुकान व्हतं. तव्हा आपला जालना जिल्हा होऊन थोडीच सालं झाल्ती, अन् टीव्ही गावात चार-दोन घरी आल्ते. दुकान म्हंजे काय, एक खोली अन् तिच्यात एक पडदा. पडद्यावर पेंटरानं बंगला काढल्ता, बंगल्यापुढं कारंजं, कारंज्यापाशी मोर. गिरणी चालू झाली की सारी खोली हादरायची अन् पिठाची धूळ मोरावर बसायची. सकाळी उठून पुंजाराम आधी मोर झटकायचा, मंग देवाला हात जोडायचा.

गडी चांगला व्हता. उंच, मवाळ बोलणारा, कुणाच्या अध्यात न्हाई. पण त्याला एक खोड व्हती. फोटो काढायच्या आधी तो आरडायचा. हां, तयार, हलू नका, डोळे उघडे ठेवा, आता काढून राह्यलो. आता तूच सांग, डोळे उघडे ठेवा म्हणलं की माणसाला डोळ्यांची याद येती, अन् याद आली की ते लवतेतच. त्यात त्याचा फ्लॅश इजेवानी चमकायचा. माणूस घाबरून डोळे गच्च मिटायचं अन् तेवढ्यात फोटो निघायचा.

तरी पासपोर्टाच्या फोटोत हे खपून गेलं. पण सर्जेराव पाटलाच्या घरी लगीन निघालं अन् त्यानं पुंजारामाला बोलावलं. फोटो धुवून आले तर काय, नवरदेव झोपलेला, नवरी झोपलेली, मामा झोपलेले, भटजी अक्षता हातात धरून झोपलेले. एका ताशेवाल्याचे डोळे तेवढे टक्क उघडे, कारण ताशाच्या आवाजात त्याला पुंजारामाचं आरडणं ऐकूच आलं न्हाई. सर्जेरावानं अल्बम सगळा चाळला अन् शांतपणे म्हणला, "पुंजाराम, माझ्या घरी लगीन व्हतं का दवाखाना?"

झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव मिटक्या फोटोवाला पडलं. लग्नसराई आली अन् दुकानावरून वाजत-गाजत गेली, कुणी आत डोकावलं न्हाई.

पुंजारामाचे सासरे कारभारी. शेजारच्याच गावचे, काळी जमीन, बैलजोडी, आवाज असा की बांधावरून बोलले तर ओढ्यापलीकडं ऐकू यावं. ते एक दिवस दुकानात आले, मोराकडं बघत बसले अन् म्हणले, "जावईबापू, हे डबडं गळ्यात घालून कव्हर फिरसान? पाडव्याला माझ्या सालदाराचं साल सरून राह्यलं. त्याच्या जागी तुम्ही या. घरचा माणूस घरात राहील."

आपल्याकडं पाडव्यालाच सालदार धरतात, वर्षभराच्या कामाला. त्यांनी वाईट मनानं म्हणलं न्हाई, पण जावयानं सासऱ्याच्या शेतात सालदार राहायचं म्हंजे काय असतं, ते तुला नाही कळायचं. पुंजारामाची बायको कौसल्या आत भाकरी थापत व्हती. तिचा हात थांबला. माहेरी बाई सणाला जाती, मिरवायला जाती. नवऱ्याच्या हातात खुरपं देऊन अन् भांडे गाडीत घालून कोण जातं? पुंजाराम एवढंच म्हणला, पाडव्यापर्यंत बघू, मामा.

अन् बघायला दुकानात यावं कुणी, तर आली रतनलाल सेठची बायको इचरजबाई. कापडाचं मोठं दुकान त्यांचं, मूळचे मारवाडातले, पण चार पिढ्या मंठ्यातच गेल्या. इचरजबाईच्या काखेत तिची कुत्री. रेशम नाव. पांढरीशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखी, तोंड एवढुसं. त्या घरी सूर्य मावळला की कुणी जेवत न्हाई, तर रेशम बी जेवायची न्हाई. दिवे लागले की दुधाच्या वाटीकडं पाठ करून बसायची.

इचरजबाईचं काम असं, का रेशमला स्थळ बघायचं चालल्तं. जालन्याला कचरूलाल सेठ, बियाण्याचे व्यापारी, त्यांच्याकडं तशाच जातीचा कुत्रा, बादशाह. कचरूलालांनी निरोप धाडल्ता का आधी फोटो पाठवा, मंग बोलू. फोटोत चारी पाय, दोन्ही कान अन् शेपूट बराबर दिसली पायजे.

"पुंजाराम भाऊ," इचरजबाई म्हणली, "अस्सा फोटो पायजे का समोरच्यानं बघताच हो म्हणावं."

पुंजारामानं रेशमला पडद्यापुढं बसवलं. सवयीनं आरडला, तयार, हलू नका. अन् फ्लॅश चमकला. रेशम जी उडाली ती पडद्याच्या मागं, तिथून पडद्याच्या खाली, अन् बाहेर आली तव्हा कारंजं तिच्या दातात अन् मोराची शेपूट जमिनीवर. दुसऱ्यांदा फ्लॅश हातात घेतलेला दिसला का ती गुरगुरायला लागायची. इचरजबाईचं तोंड पडलं. पुंजारामाला वाटलं, हे बी गेलं आता. तरी तो म्हणला, भाभी, हिला बाहेर नेऊ. सूर्याचा उजेड एकदम अंगावर येत न्हाई.

पहिला फोटो काढला भर दुपारी. उन्हात रेशम अशी आली जसं चुन्याचं ढेकूळ. ना नाक, ना डोळे. मंग पुंजारामाच्या ध्यानात आलं का पांढऱ्याला कडक ऊन खाऊन टाकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी, ऊन अजून कोवळं असताना, तो तिला गावाबाहेर रतनलाल सेठच्या मळ्यात घेऊन गेला. तिथं कडब्याची गंजी व्हती. गंजीच्या सावलीत रेशमला बसवलं, मागं नांगरलेलं काळं रान. ज्या अंगाला अंधार पडत व्हता तिकडून कौसल्या धुतलेलं पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून उभी राह्यली, म्हंजे धोतरावरचा उजेड रेशमच्या अंगावर पडायचा. अन् पुंजाराम स्वता पोटावर आडवा, हनुवटी ढेकळात. उभ्यानं काढलं तर कुत्रं उंदरावानी दिसतं, हे त्याला तिथंच कळलं. मळ्यातल्या बाया निंदणं सोडून बघायला लागल्या का हा बाप्या कुत्रीला लोटांगण कामून घालून राह्यला.

रतनलाल सेठ बाजूला उभे. त्यांचं एकच चाललं, एक पाय झाकला, समोरचा म्हणंल लंगडी हाय. बैलबाजारात जनावर जसं बघतेत तसंच त्यांना फोटोत पायजे व्हतं. रेशम बसली का पाय झाकायचे, उभी केली का चालायला लागायची.

अन् मोठी गोष्ट ही, का पुंजाराम पहिल्यांदाच गप बसला. कुत्रीला तयार म्हणून काय उपेग? तो डबड्याला डोळा लावून नुसता पडून राह्यला. मुंग्या चावल्या तरी हलला न्हाई. एवढ्यात गंजीवरून एक खारूताई सरकली. रेशम उठली, कान ताठ, जीभ आत, एक पाय पुढं एक मागं, चारी मोकळे. तेव्हा त्यानं हळूच बटण दाबलं.

पण त्या आधी एक झाल्तं. इचरजबाईनं रेशमला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावल्ती. एवढा देखणा जीव, त्याच्याकडं टक लावून बघणार, मंग तीट नको का? लेकरालाही लावतोच की आपण. पुंजारामाला काचेतून ती तीट दिसली. एवढुशा पांढऱ्या तोंडावर ती भलतीच मोठी दिसत व्हती. बोलावं का असं त्याच्या मनात आलं. पण त्याला वाटलं, गिऱ्हाइकाच्या घरची रीत, आपण बोलून कामून वाईट व्हायचं. एरवी आरडून घात करायचा, आज गप राहून केला.

फोटो असा देखणा आला का रतनलाल सेठनं तो दुकानात कापडाच्या थानाला टेकवून ठेवला अन् लुगडं घ्यायला आलेल्या बायांना दाखवला. मंग तो जालन्याला गेला. अन् चार दिवसांनी सेठच्या दुकानातला फोन वाजला.

आता हे कचरूलाल सेठ कसे, तर सरकीच्या पोत्यात एक परका दाणा दिसला तर सगळं पोतं माघारी लावणारे. उभी हयात शुद्ध बियाणं अन् भेसळ बियाणं वेगळं करण्यात गेलेली. त्यांनी फोटो उजेडात धरला अन् फोनवर सांगितलं का कुतरी भेसळ हाय, गालावर काळं उतरलंय, आमच्या बादशाहला ही चालायची न्हाई.

इचरजबाई तरातरा दुकानात आली. तिचं म्हणणं असं, का मी मोहरीएवढी तीट लावली अन् तुझ्या डबड्यानं तिचं जांभूळ केलं. पुंजारामानं हात जोडून सांगितलं, भाभी, लावली तेवढीच आली.

"मंग दिसली तव्हाच कामून न्हाई बोलला?" ती म्हणली.

इचरजबाई निघाली, पायरीवर थांबली अन् म्हणली, आमच्या दुकानात सारं गाव येतं, कुणी तुझ्याबद्दल इचारलं तर मी खोटं न्हाई बोलणार. एवढंच म्हणली. पण ती खरं बोलली असती तर पुंजारामाला त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप घालावं लागलं असतं. होळी होऊन गेल्ती, रंगपंचमीचा रंग अजून लोकांच्या कानामागं व्हता. पाडवा तोंडावर आल्ता, अन् कारभारीचा निरोप येऊन गेल्ता का गोठ्याशेजारची खोली सारवून ठेवलीय.

त्यानं इचरजबाईच्या घरी जाऊन इनंती केली का दुसरा फोटो काढू, पण बिना तिटीचा. ती मळ्यात यायला तयार झाली, पण दुसऱ्या दिवशी गंजीपाशी उभी राहून बी तिटीवरून हटेना. एकदा फोटो काढला तर कुतरी दोन दिवस जेवली न्हाई, म्हणली, अन् आता बिलकुल उघडी ठेवू? पुंजाराम म्हणला, कानामागं लावा. ती म्हणली, दृष्ट कानामागून लागती का? तो म्हणला, पंजाखाली लावा. ती म्हणली, दोन पावलं चालली का मातीला पुसून जाईल. रतनलाल सेठ म्हणले, शेपटीला लावा, तर इचरजबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं का ते गंजीच्या मागं ऊस खायला गेले. शेवटी तिला वाटलं, डबड्याच्या काचेलाच लावावी, बघणारा डोळा तर तोच. काजळाचं बोट काचेकडं यायला लागलं तसं पुंजारामानं डबडं पोटाशी धरलं अन् गुडघ्यात डोकं घालून बसला.

इकडं कोवळं ऊन कडक व्हायला लागल्तं. धोतर धरून कौसल्याच्या दंडाला कळ लागल्ती. ती धोतरामागूनच बोलली.

"भाभी, रेशमकडं टक लावून बघणार कोण? आमचे हेच ना? मंग तीट ह्यांनाच लावा. नजर जिथून निघती तिथंच आडवा तिला."

इचरजबाई थांबली. तिनं रेशमकडं बघितलं, पुंजारामाकडं बघितलं. तिला ते पटलं. मंग तिनं पुंजारामाची हनुवटी लेकरासारखी धरली अन् गालावर ही एवढी काळी तीट ओढली. कौसल्याला असं हसू आलं का धोतर हलायला लागलं, अन् धोतराबरोबर उजेड बी रेशमच्या अंगावर नाचायला लागला. तिचं हसू थांबेस्तोर सगळ्यांना वाट बघावी लागली. मंग फोटो निघाला. गाल पांढरा स्वच्छ, चारी पाय, दोन्ही कान, शेपूट वर.

पुंजाराम आनंदात तसाच बाजारातून घरी आला, गाल पुसायचं ध्यानात न्हाई. चहाच्या गाड्यावरून कुणी इचारलं, बारसं कव्हा ठेवलंय, पाळण्यात मावसान का? दुसरा म्हणला, दृष्ट लागण्यासारखं रूप हाय, लावायचीच की तीट. तो घरी येऊन आरशात बघेपर्यंत त्याला काही उमगलं न्हाई.

दुसरा फोटो जालन्याला गेला, अन् फोनऐवजी कचरूलाल सेठच जीप घेऊन आले. संगं त्यांची बायको लाडबाई अन् मांडीवर बादशाह. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही फोटो पुढं ठेवले अन् म्हणले, पहिल्यात डाग हाय, दुसऱ्यात न्हाई. फोटोवाले बारीक ब्रशनं डाग मिटवतेत, हे मला ठाऊक हाय. बोलवा त्या माणसाला.

आता बघ, डोळे मिटलेले येणं म्हंजे हाताचा दोष. पण डाग लपवून जनावर दाखवणं म्हंजे लबाडी. ते नाव लागलं असतं तर मंठ्यातच काय, परतूरला बी पुंजारामाला कुणी उभं केलं नसतं. निरोप आला तसा तो डबडं गळ्यात घालून निघाला. दारातच इचरजबाई काजळाची डबी घेऊन उभी. पाहुण्यांच्या बादशाहचा बी फोटो निघाला तर, म्हणून तिनं आधी पुंजारामाच्या गालाला तीट लावली अन् मंग आत सोडला.

कचरूलाल सेठनं रेशमला मांडीवर घेतल्ती. बियाणं तपासावं तसे तिचे केस एक एक बाजूला करून बघत व्हते. रुमाल पाण्यात भिजवून त्यांनी तिचा गाल घासला. रुमाल पांढराच राह्यला. दुसरा गाल घासला. रुमाल पांढराच.

"मंग डाग गेला कुठं?" ते म्हणले अन् वर बघितलं, तर समोर पुंजाराम उभा, अन् डाग त्याच्या गालावर.

या खेपेला पुंजाराम गप राह्यला न्हाई.

"सेठ, पहिला फोटो खरा, अन् दुसरा बी खरा," तो म्हणला. "काजळ तेवढं तिच्यावरून माझ्यावर आलं."

कचरूलाल उठले, पुंजारामाच्या गालावरून तोच ओला रुमाल फिरवला, उजेडात धरला. रुमाल काळा. त्यांनी बोटानं घासून बघितलं, वास घेऊन बघितला. "रंग उतरतो," ते म्हणले, "जातीचा न्हाई." लाडबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, तिला बघून इचरजबाई, अन् मंग रतनलाल सेठचं पोट हलायला लागलं. बादशाह अन् रेशम यांना काही पडली नव्हती. दोघं ओसरीच्या कोपऱ्यात एकाच वाटीतलं दूध पिऊन राह्यले, कारण सूर्य अजून वर व्हता.

लाडबाईनं मंग हट्ट धरला का आमच्या बादशाहचा बी असाच फोटो पायजे. दुसऱ्या दिवशी सकाळी गंजीपाशी सगळे जमले. इचरजबाईनं रेशमच्या नावानं पुंजारामाच्या डाव्या गालाला तीट लावली. लाडबाई म्हणली, आम्ही मुलाकडचे, अन् उजव्या गालाला लावली. तसा तो दोन्ही गाल काळे करून ढेकळात पालथा पडला.

हे गावात पसरायला काय वेळ लागतो? शेतकऱ्यांना वाटलं, सेठच्या मुठीएवढ्या कुत्रीचा फोटो निघतो, अन् आमची कुत्री रातभर रानडुकरं आडवतेत त्यांना काहीच न्हाई? आधी आला कडूबा. त्याचा कुत्रा डांबरासारखा काळा. काळ्या रानात तो दिसंना, तर पुंजारामानं त्याला कडब्याच्या पिवळ्या गंजीपुढं उभा केला. मंग दुसरे आले. तीट लावायला प्रत्येकाच्या घरून कुणी ना कुणी बाई यायचीच.

अन् पाडवा उजाडला. चांगला मुहूर्त म्हणून त्या सकाळी तर गंजीपाशी कुत्र्यांचा बाजारच भरला. नवे टोपी-सदरे घातलेले माणसं, हातात दोऱ्या, अन् दोऱ्यांना धुतलेली कुत्री. कौसल्यानं घरी घाईनं गुढी उभी केली अन् धोतर घेऊन धावत आली. तेवढ्यात कारभारी गाडी जुंपून दुकानापाशी आले, भांडेकुंडे भरायला. दुकान बंद बघून इचारत इचारत मळ्यात पोचले. बघतेत तर जावई पोटावर पडलेला, गालावर काळं, अन् लेक धोतर ताणून उभी. ते काही बोलणार तर कुणीतरी त्यांच्याच हातात एक दोरी दिली अन् म्हणलं, धरा जरा, आमचा नंबर हाय.

कडूबा दुसरा कुत्रा घेऊन आल्ता. मोठा आडदांड गडी, पण कान पडलेले, नजर भुईला. चुटक्या वाजवून झाल्या, भाकरी दाखवून झाली, कान काही उठंनात. ऊन चढत चाललं. पुंजारामानं मान वळवून बघितलं तर सासरे दिसले. त्यानं रामराम बी केला न्हाई.

"मामा," तो म्हणला, "ज्वारीवरची पाखरं कशी हाकलता तुम्ही? तसं एकदा आरडा."

कारभारीला आधी राग आला. मंग त्यांनी आजूबाजूला बघितलं, सगळे त्यांच्याच तोंडाकडं बघून राह्यले. त्यांनी छाती भरून घेतली अन् असा हाकारा टाकला का लिंबावरचे सगळे कावळे उडाले. जेवढी कुत्री व्हती त्या सगळ्यांचे कान एकदम ताठ. कडूबाच्या कुत्र्याचे सगळ्यात आधी. पुंजारामानं बटण दाबलं, अन् लगेच म्हणला, दुसरा आणा, अन् मामा, तुम्ही थांबू नका.

ऊन कडक होऊन काम थांबलं तव्हा कारभारीचा घसा बसल्ता. कौसल्यानं त्यांना पाणी दिलं. ते गंजीला टेकून बसले, डोक्यावरचा पटका गुडघ्यावर ठेवला अन् बसलेल्या आवाजात म्हणले, "जावईबापू, पाडवा आज हाय. सालाचं काय ते बोला."

पुंजाराम रोल बदलत व्हता. त्यानं वर बघितलं न्हाई.

"तुमच्या सालाला दुसरा गडी बघा, मामा," तो म्हणला. "अन् तुम्ही माझ्याकडं या. नुसतं सकाळच्या उजेडापुरतं."

कौसल्या धोतराची घडी घालत व्हती. तिनं घडी परत मोडली अन् परत घालायला लागली. बाप काय म्हणतो याच्याकडं तिचे कान.

कारभारीनं पाण्याचा तांब्या संपवला. मंग इचारलं, आरडायचं एवढंच ना? पुंजाराम म्हणला, एवढंच. पण तयार म्हणायचं न्हाई, ते मी सोडलंय.

गाडी रिकामीच माघारी निघाली. वेशीपाशी गेल्यावर कारभारीनं बैल थांबवले, मागं कुणी बघत न्हाई असं बघून घेतलं, अन् एकदा हळूच हाकारा टाकून बघितला, उद्यापर्यंत आवाज भरून येतो का न्हाई म्हणून.